शब्दचर्चा : ‘बेडसाइड इको’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘पाणी’ म्हणजे नेमकं कुठलं?

भाषांतरकार, सोलापूर : अतिदक्षता विभागाबाहेर थांबणाऱ्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक करते आहे. कन्नड आणि तेलुगू आवृत्त्या त्यावरूनच निघतील. जुन्या मसुद्यात ‘बेडसाइड इको’ला, म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळच ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र पाहण्याला, ‘हृदयाचे स्वनातीत प्रतिमांकन’ असं म्हटलं आहे. ठेवावं का?

भौतिकशास्त्राचे अध्यापक : नको. स्वनातीत म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त वेगाचं, उदाहरणार्थ विमान. इथे वेग ध्वनीचाच असतो, शरीराच्या मऊ ऊतींत सेकंदाला सुमारे १५४० मीटर. जास्त असते ती वारंवारता. कानाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, इकोचा प्रोब (छातीवर ठेवायचं, लहरी सोडणारं उपकरण) साधारण २ ते ४ मेगाहर्ट्झवर चालतो. शास्त्रीय शब्द हवाच असेल तर ‘श्राव्यातीत’.

अतिदक्षता तज्ज्ञ : ‘इको’च ठेवा, अक्कलकोट-मंगळवेढ्याहून आलेली माणसंही तोच शब्द वापरतात. मात्र ‘खाटेजवळचा इको’ असं लिहा, कारण ‘टू-डी इको’ म्हटलं की सविस्तर मोजमापांचा रिपोर्ट डोळ्यांसमोर येतो. खाटेजवळ काही मिनिटांत मोजक्या प्रश्नांची उत्तरं शोधतात. डावा कप्पा जोरात आकुंचन पावतोय का? उजवा फुगलाय का? हृदयाभोवती पाणी आहे का? झडपेत ढोबळ बिघाड दिसतो का? ‘इको नॉर्मल’ एवढंच सांगितलं, तर सगळंच तपासून झालं असं घरच्यांना वाटतं.

इको तंत्रज्ञ : व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला डाव्या कुशीवर वळवणं अवघड असतं, आणि फुगलेलं फुफ्फुस प्रोब आणि हृदय यांच्या मध्ये येतं. अशा वेळी छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून, प्रोब जवळजवळ आडवा धरून, यकृताच्या आडून पाहिलं की बऱ्याचदा चित्र मिळतं. पोट फुगलं असेल तर तेही हुकतं. हृदय बंद पडलेलं असेल तर छाती दाबणं फक्त नाडी पाहण्याच्या १० सेकंदांपुरतंच थांबतं. प्रोब आधीच जागेवर ठेवायचा, क्लिप साठवायची आणि लगेच पुन्हा दाबायला लागायचं. चित्र बघत बसलं की तोच वेळ रुग्णाचा जातो.

भाषांतरकार : मसुद्यात ‘पाणी’ चार ठिकाणी आहे.

अतिदक्षता तज्ज्ञ : खरा धोका या शब्दात आहे! चारही जागी वेगळं लिहा.

हृदयाभोवतीचं पाणी हृदयावरणात, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत साठतं. ते भराभर साठलं तर थोडंसंही हृदयाला दाबतं आणि रक्तदाब कोसळतो. पडद्यावर खालचे कप्पे आकुंचन पावताना उजवा वरचा कप्पा आणि ते भरताना उजवा खालचा कप्पा आत दबलेला दिसतो.

फुफ्फुसाबाहेरचं पाणी छातीच्या पोकळीत असतं. या दोन्हींची गफलत सर्रास होते. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेवरून दिसणाऱ्या हृदयाच्या लांब छेदात खाली जाणारी महाधमनी शोधा. पाणी तिच्या पुढे, हृदयाच्या बाजूला असेल तर हृदयावरणातलं. मागे असेल तर फुफ्फुसाबाहेरचं. हृदयापुढच्या चरबीलाही पाणी समजलं जातं.

फुफ्फुसात पाणी भरणं हे तिसरं.

चौथं ‘अंगातलं पाणी कमी’. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हानं कोरडा पडलेला रुग्ण आला की डावा कप्पा लहान, जोरात आवळणारा आणि अधोमहाशिरा (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर) चपटी दिसते. शीर हृदयापासून साधारण २ सेंमीवर मोजतात. स्वतः श्वास घेणाऱ्यात ती २.१ सेंमीपर्यंत असून जोरानं नाकानं श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त आक्रसली, तर उजव्या बाजूचा दाब कमी. हा आडाखा व्हेंटिलेटरवर लावू नका. तिथे यंत्र हवा ढकलतं तेव्हा शीर उलट फुगते.

इको तंत्रज्ञ : आणि शीर चपटी दिसली म्हणून सलाईन लागेलच असं नाही. पाय उचलून सुमारे मिनिटभरात महाधमनीच्या तोंडाशी रक्ताचा व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त जितकं पुढे सरकतं ते अंतर) १० ते १५ टक्क्यांनी वाढला तर सलाईनचा उपयोग होईल. व्हीटीआय १८ सेंमी आणि त्या तोंडाचा व्यास २ सेंमी असेल तर एका ठोक्याला सुमारे ५६ मिली रक्त. व्यास चुकून १.८ घेतला तर तेच ४६ वर येतं, कारण व्यासाचा वर्ग होतो. म्हणून पाय उचलण्याआधी-नंतर फक्त व्हीटीआयची तुलना करा. प्रोबचा कोन मात्र दोन्ही वेळा तोच हवा.

भाषांतरकार : मग असं लिहिते : ‘खाटेजवळचा इको : डॉक्टर हृदयाच्या पंपाचा जोर, हृदयाभोवतीचं पाणी आणि सलाईनची गरज यांचा झटपट अंदाज घेतात. गरज पडल्यास नंतर सविस्तर इको होतो.’

अतिदक्षता तज्ज्ञ : ‘सलाईनची गरज’च्या आधी ‘इतर तपासण्यांसोबत’ घाला. नुसत्या इकोवर तो निर्णय होत नाही. कन्नड आणि तेलुगूतही ‘इको’च ठेवा.