जुनं 8 एचपीचं आउटबोर्ड मशीन घेतोय, काय काय बघू?

खाडीकाठचा पाहुणा
नमस्कार मंडळी. राहायला पुण्यात, आजोळ विजयदुर्ग खाडीच्या काठाला. मामाची 14 फुटी फायबरची होडी कित्येक वर्षं उलटी पडून होती, ती गेल्या मे महिन्यात दुरुस्त करून घेतली आणि आता वल्ही मारून मारून खांदे गेलेत. भरतीबरोबर वर जायला मजा येते पण परतताना वारा समोरून आला की देव आठवतो. होडीच्या मागच्या फळीला लावायचं एक जुनं 8 एचपीचं टू स्ट्रोक मशीन मिळतंय, दोन सिलिंडर, दोरी ओढून चालू करायचं. मालक 45 हजार म्हणतोय, चार वर्षं जुनं, घरगुतीच वापर वगैरे. रंग एकदम कोरा आहे. मला स्कूटरचा प्लग बदलण्यापलीकडे काही येत नाही. समुद्रात जाणार नाही, खाडीतच गरी टाकायची, दोघं फार तर तिघं. रविवारी बघायला जातोय, फसायचं नाहीये एवढंच.

रापणवाला
अरे बाबा रंग कोरो आसा हीच पयली शंका. चार वर्षां खाऱ्या पाण्यात चाललेला मशीन नव्यासारख्या कसा दिसतला? (पुढचं मराठीत लिहितो, नायतर पुणेकर गांगरतील.)

गेल्यागेल्या काही बोलायच्या आधी झाकण काढून मशीनला हात लाव. गरम लागलं तर मालकाने तू यायच्या आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते पटकन चालू होत नाही. तसं असेल तर चहा पी, दोन तास बस, थंड होऊ दे, मग दोरी ओढ. खाली पंख्याच्या वर जस्ताचा तुकडा असतो, तो गंज स्वतःवर घेऊन बाकी मशीन वाचवतो. तो अर्धामुर्धा खाल्लेला असला तर चांगलं, त्याने काम केलंय. त्याच्यावर पण रंग मारलेला दिसला तर मालकाला काही कळत नाही किंवा तुला काही कळत नाही असं त्याला वाटतंय. आणि विचार, प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने आतून धुवायचास काय? उत्तरापेक्षा त्याचं तोंड बघ.

ग्रीसचे हात
वरचं सगळं बरोबर आहे, पण पैसे खरे जातात ते खालच्या गियरमध्ये. स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा आणि गियर ऑइलचा खालचा स्क्रू जरासा ढिला करायला लाव. मशीन रात्रभर उभं असेल तर आत शिरलेलं पाणी तळाला बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलेत. धातूचा चकचकीत कीस दिसला तर सरळ घरी ये, भाव करत बसू नकोस.

मग दोन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोज. गेज नसेल तर मेकॅनिकला पाचशे रुपये देऊन सोबत ने, वसूल होतील. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बघ, साधारण 10 टक्क्यांच्या आत हवा. चालू करायचं ते पाण्याच्या ड्रममध्येच, कोरडं अजिबात नाही, आतला पाणी खेचणारा रबरी इम्पेलर काही सेकंदांत जळतो. चालू झालं की मागून पाण्याची धार बाहेर पडते (आमच्याकडे मशीन मुततंय म्हणतात, ताईंनी माफ करावं). धार बारीक किंवा अडखळत असेल तर इम्पेलर तरी बदलायचाय नाहीतर आत मीठ साचलंय, पहिलं स्वस्त, दुसरं डोकेदुखी.

मॉडेलच्या अक्षरांत के आहे का तेही बघ. यामाहात के असेल तर बहुतेक केरोसीनचं मशीन, दक्षिणेकडून येतात अशी. पेट्रोलवर चालू करून केरोसीनवर टाकायचं आणि बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये.

देवगडची लेक
माफ केलं 😄 पण होडीची मागची फळी मोजली का कोणी? दहा प्रश्न मशीनचे आणि मापाचा एक नाही. फळीच्या वरच्या कडेपासून खाली तळापर्यंत मोजा. 15 इंच असेल तर शॉर्ट, 20 असेल तर लाँग. मशीनच्या पायावर पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाशी जुळायला हवी, फार तर इंचभर खाली. लाँग मशीन छोट्या फळीवर लावलं की पाय पाच इंच जास्त खाली जातो आणि ओहोटीला खाडीत पाणी किती उरतं ते तुम्हालाच माहीत. मॉडेलमध्ये शेवटी एस की एल ते बघा.

14 फुटी होडीला दोघातिघांसाठी 8 एचपी पुरे. पेट्रोलचं लक्षात ठेवा, हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं मिळतं आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पुण्याला परत जाताना टाकीत पेट्रोल ठेवू नका, नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. ऑइलही बाईकचं नको, आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू3 घ्या, पेट्रोलमध्ये 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली. आणि मनगटाला बांधायची ती लाल दोरी मशीनसोबत मागून घ्या. तोल जाऊन माणूस पाण्यात पडला की तीच मशीन बंद करते, नाहीतर होडी एकटीच गोल गोल फिरत पंखा घेऊन तुमच्याच अंगावर येते.

खाडीकाठचा पाहुणा
जाऊन आलो. मशीन गरम होतं 🙂 मालक म्हणाला "सकाळी सहज लावलं". रापणवाल्यांचं ऐकून बसलो, त्यांच्याकडे जेवलोच शेवटी, माणूस तसा वाईट नाही. थंड झाल्यावर नवव्या ओढीला चालू झालं. धार चांगली. कॉम्प्रेशन 110 आणि 105. मी खूश, आणि मग स्क्रू ढिला केला तर आधी चमचाभर पाणी आणि मागून चहा. कीस नव्हता. मालकाचाच चेहरा पडला, त्याला खरंच माहीत नसावं. आता 30 ला देतोय. पण मॉडेलमध्ये शेवटी एल आहे आणि माझी फळी साडेपंधरा इंच.

ग्रीसचे हात
कॉम्प्रेशन छान आहे, वरचं मशीन जगलंय. नवव्या ओढीचं कारण बहुतेक घाण कार्ब्युरेटर. सील, इम्पेलर, गियर ऑइल, कार्ब्युरेटर सफाई एवढं सगळं एकदम करून घे, खर्च आधी विचार आणि तेवढे 30 मधून कमी करून माग. सील बदलताना शाफ्टला सीलच्या जागी खाच पडलीय का ते मेकॅनिकला नखाने बघायला सांग, खाच असली तर नवं सीलही टिकणार नाही.

रापणवाला
फळीचा टेन्शन घेव नको. मागे साडेचार इंच उंच सागाचा ठोकळा बसवून घे, आमच्याकडे तीन होड्यांना तसाच आहे. नुसते स्क्रू नकोत, आरपार बोल्ट, स्टेनलेसचे, आणि भोकांत सीलंट लाव नाहीतर फायबरच्या आतली फळी कुजते. मशीन घेतलंस की पहिल्या फेरीला भांगाच्या दिवसात, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा ये, उधाणाच्या ओहोटीत शिकायला जाव नको. वल्ही होडीतच ठेव.