लोडरचा व्हॉल्व्ह बसवला, पण मागची लिफ्ट उचलली की स्पूलच्या टोकातून तेल येतं

बांधावरचा:
नमस्कार मंडळी. वडिलांचा ३५ हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर आहे. त्याला पुढे लोडर बसवला आणि दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह फेंडरजवळ लावला. पंपाची लाइन व्हॉल्व्हच्या 'पी'ला, म्हणजे तेल आत येण्याच्या तोंडाला जोडली, 'टी'मधून निघालेली लाइन मागच्या लिफ्टला दिली. लोडर उचलतो, बकेट उलटते. मात्र मागे नांगर उचलला की स्पूलच्या (लिव्हरने व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्याच्या) टोकाच्या सीलमधून तेल झिरपतं. सील दोनदा बदललं, दोन्ही वेळा आठवड्यात गेलं. मेकॅनिक म्हणतो व्हॉल्व्हच खराब आहे, नवा घ्या. लोडर पूर्ण वर जायलाही १२-१३ सेकंद लागतात. जॅक ६५ मिमी बोअरचे, स्ट्रोक ६० सेंमी, पंप मिनिटाला २० लिटरचा. पंपही बदलावा का?

जुनं_लोखंड:
भाऊ, व्हॉल्व्हला हात लावू नका, दोष जोडणीत आहे. 'टी' हा टाकीकडे परत जाणारा मार्ग. तिथे जवळजवळ दाब नसेल असं धरूनच त्या बाजूची सीलं बनवलेली असतात. तुम्ही 'टी'च्या पुढे लिफ्ट लावलीत, त्यामुळे नांगर उचलताना लिफ्टचा सगळा दाब त्या सीलांवर येतो. ती फुटणारच.

आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. व्हॉल्व्हमध्ये रिलीफ असते, दाब फार वाढला की ती उघडून तेल सोडते. तिच्या स्प्रिंगची मागची बाजू 'टी'लाच उघडते. 'टी'वर जेवढा दाब, तेवढी रिलीफ उशिरा उघडते. लिफ्ट आणि लोडर एकाच वेळी ओढलेत तर पंपावर आणि होजवर किती भार पडेल, विचार करा.

तुमच्या मॉडेलला पॉवर बियाँडची स्लीव्ह, म्हणजे दाबाचं तेल 'टी'पासून वेगळं करून पुढे लिफ्टला देणारी नळी मिळते का ते आधी पाहा. ती बसली की तीन लाइन होतात: पंपाकडून 'पी', पॉवर बियाँडमधून लिफ्टला, आणि 'टी'मधून थेट गिअरबॉक्समध्ये, तीच तुमची तेलाची टाकी. या तिसऱ्या लाइनवर कुठेही कॉक नको, आणि ती प्रेशर लाइनपेक्षा बारीक नको. नुसता प्लग काढून तिथे पाइप जोडला आणि स्लीव्ह घातली नाही, तर आतली वाट 'टी'कडे उघडीच राहते. ही चूक मी स्वतः केली आहे, दोन दिवस लिफ्ट का उचलत नाही म्हणून शोधत बसलो होतो.

पंपाला दोष नाही. ६५ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ३३ चौ. सेंमी, गुणिले ६०, म्हणजे एका जॅकला सुमारे २ लिटर तेल. दोन जॅकना ४ लिटर. मिनिटाला २० लिटरच्या पंपाला १२ सेकंद लागणारच. बारीक जॅक लावले तर वेग येईल, पण ताकद जाईल. मी असते तेच ठेवले असते.

माळरान:
दादा, होज उघडायच्या आधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून दाब सोडा. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवून बघा. बारीक धार कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जायची वेळ येते. जोडांना टेफ्लॉन टेपही नको. तिचे तुकडे स्पूलमध्ये अडकतात. बीएसपी आट्यांच्या जोडाला बॉन्डेड वॉशर (आतून रबर लावलेला धातूचा वॉशर) वापरा.

बांधावरचा:
मंडळी, मनापासून आभार. स्लीव्ह मिळाली. 'टी'ची वेगळी लाइन गिअरबॉक्सच्या वरच्या प्लगमध्ये नेली, सील तिसऱ्यांदा बदललं. होज नव्याने भरताना तेल खाली गेलं होतं, डिपस्टिक बघून वर टाकलं. तीन दिवस नांगर आणि लोडर दोन्ही चालवतोय. बकेट वर ठेवून इंजिन बंद केलं तर तासाभरात चार बोटं उतरते, हे चालेल ना?

जुनं_लोखंड:
चालेल. स्पूल आणि बॉडीच्या मध्ये सील नसतं, धातूवर धातू सरकतो, थोडं तेल निसटतंच. पण वर राहिलेल्या बकेटखाली कोणालाही जाऊ देऊ नका.

बांधावरचा:
नाही जाऊ देणार. आज सकाळी स्पूलच्या टोकावर बोट फिरवलं. नुसती कोरडी धूळ लागली.