जुन्या ई २५० डी ला पाच-स्पीड ऑटोमॅटिक बॉक्स: कुणी केलंय का?

वखारवाला, निपाणी

मंडळी नमस्कार. गाडी १९९६ ची मर्सिडीज ई २५० डी. डब्ल्यू १२४ बॉडी, पुण्यात जोडलेली, ओएम ६०५ इंजिन, पाच सिलिंडर, हाताचा पाच-स्पीड गिअर. आमच्या तंबाखूच्या वखारीला बरे दिवस होते तेव्हा बाबांनी घेतली. त्यानंतर घरात बाकीच्या गाड्या आल्या नि गेल्या, ही काय दारातनं हलली नाही. इंजिन अजून एका सेल्फला उठतंय.

अडचण बाबांच्या डाव्या गुडघ्याची. ऑपरेशन होऊन वाटी बदलली, चालणं-फिरणं व्यवस्थित, पण क्लच दाबून आले की संध्याकाळी पाय सुजतोय. बेळगावला जाणं-येणं चालूच असतंय. उसाचा हंगाम सुरू झाला की तवंदी घाटात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं आणि मागं आपण अर्ध्या क्लचवर. ड्रायव्हर ठेवूया म्हटलं तर "मी काय म्हातारा झालोय काय?" गाडी विकायचा तर विषयच काढायचा नाही.

कोल्हापुरात भंगारवाल्याकडं दोन बॉक्स बघून आलोय. एक डब्ल्यू २१० म्हणजे १२४ नंतरच्या ई-क्लासचा, ७२२.६ नंबरचा, पाच-स्पीड, टॉर्क कन्व्हर्टरसकट (क्लचच्या जागी बसतो तो तेलाचा डबा), वायरिंग मात्र कापलेलं. दुसरा महिंद्राच्या रेक्स्टन आरएक्स ७ चा. आमचा मेकॅनिक म्हणतोय, दोन्ही मर्सिडीजचेच, बोल्ट मारायचे आणि चालवायचं. मला काय एवढं सोपं वाटत नाही. कुठला घेऊ? कॉम्प्युटर लागतोय काय? आणि आरटीओचं कसं?

खानापूरकर

दादा, खरं सांगू काय? एखादी लहान ऑटोमॅटिक घ्या बाबांना. १२४ ला झाकण घालून ठेवा, दसऱ्याला पूजा करा. ह्या उद्योगात गाडी सहा महिने गॅरेजला उभी राहते आणि परत येताना नवीन आवाज घेऊन येते.

उद्यमबागचा लेथवाला

खानापूरकरांचं चुकीचं नाही, पण वखारवाल्यांनी विकू का म्हणून विचारलेलंच नाही. उत्तर देतो. माझी पण १२४ डिझेलच, तिला ७२२.६ बसवलाय, आणि ती चालायलाय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी रेक्स्टनचा सोडून द्या. बॉक्स ७२२.६ च्याच घराण्यातला, ते खरं. पण आरएक्स ७ फोर बाय फोर होती, म्हणजे मागच्या तोंडाला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) धरायची सोय केलेली असते. तुमच्या गाडीला सरळ प्रोपेलर शाफ्ट पाहिजे. मागचं हाउसिंग नि शाफ्ट बदलत बसण्यापेक्षा मूळचा मागच्या चाकांचा बॉक्स घेतलेला बरा.

आता २१० चा. भंगारवाल्याला विचारा, कुठल्या इंजिनाचा? "ई-क्लासचा" हे उत्तर झालं नाही. ओएम ६०६ ची, म्हणजे ई ३०० टर्बोडिझेलची, तुमच्या ओएम ६०५ ला सख्खी भावकी आहे. एक सहा सिलिंडरचं, एक पाचाचं, पण मागचं तोंड एकच. त्याचा बॉक्स असेल तर डोळे मिटून उचला. व्ही-६ पेट्रोलचा, एम ११२ चा असेल तर बेलहाउसिंग, म्हणजे बॉक्सचं इंजिनाला लागणारं तोंड, जुळणार नाही. तरी घाबरायचं कारण नाही, ७२२.६ चं बेलहाउसिंग सुटं असतंय, बोल्ट काढून दुसरं लावता येतंय. फक्त ते दुसरं तुम्हालाच शोधायला लागणार, आणि त्याला जुळणारा कन्व्हर्टरही.

बसवताना एकच जागा अशी आहे जिथं घाई केली तर बॉक्सच जातो. कन्व्हर्टर बॉक्सवर चढवून हातानं फिरवत आत ढकलायचा. तो एकदा "टक" करून बसल्यासारखा वाटतोय, तिथं आपल्याकडचे निम्मे मेकॅनिक थांबतात. आणखी फिरवा. परत सरकतोय, आणि शेवटी ऑइल पंपाच्या खाचेत उतरतोय. मग बॉक्स इंजिनाला लावल्यावर बेलहाउसिंग सगळीकडनं अंगाला अंग लागून बसलं पाहिजे, आणि तेव्हा फ्लेक्स प्लेट (फ्लायव्हीलच्या जागी येणारी पातळ चकती) आणि कन्व्हर्टरमध्ये थोडी फट दिसली पाहिजे. कन्व्हर्टर बोटानं फिरला पाहिजे. फट नसेल नि कुणी बोल्टनं आवळून ओढायला लागला तर हात धरा त्याचा. पंप फुटतोय. माझ्याकडं लेथवर असा एक पंप आला होता, दोन तुकड्यांत, आणि मालक विचारायला, वेल्डिंग होईल काय.

क्रँकच्या टोकाला हाताच्या गिअरची पायलट बेअरिंग असते, ती काढा. जुनं जड फ्लायव्हील जाणार, फ्लेक्स प्लेट येणार, बोल्ट पण तिचेच घ्या, लांबी वेगळी असते. क्रॉसमेंबर मागं-पुढं होणार, शाफ्ट कापून बॅलन्स करायला लागणार. हे सगळं बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर तुमच्या जवळ कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतंय. लोखंडाचं काम आपल्या भागात कधी अडलेलं नाही.

अडतंय ते वायरीत. तुमचा मेकॅनिक तिथंच गप्प बसणार आहे.

७२२.६ ला स्वतःची अक्कल नाही. आत सहा सोलेनॉइड (विजेवर चालणारे तेलाचे व्हॉल्व्ह) आणि दोन स्पीड सेन्सर, बस्स. किती प्रेशर द्यायचं, कुठला गिअर कधी, हे बाहेरचा कंट्रोलर ठरवतोय. मूळ गाडीत तो कंट्रोलर इंजिनाच्या आणि एबीएसच्या, म्हणजे ब्रेकच्या, कॉम्प्युटरशी बोलतोय: इंजिन किती जोर लावायलंय, ॲक्सिलरेटरचं पॅडल किती दाबलंय, चाकं किती वेगानं फिरायलीत. बॉक्समधनं बाहेर पडणाऱ्या वेगाचा सेन्सर बॉक्सात नाहीच, तो हिशेब एबीएसकडनं येतोय. तुमच्या १२४ मध्ये असं बोलणारं कुणी नाही. २१० चा मूळ कंट्रोलर आणून जोडला तर त्याला कुणाचं उत्तर मिळणार नाही, आणि तो बॉक्स दुसऱ्या गिअरमध्ये अडकवून ठेवणार. पुढं दुसरा, मागं रिव्हर्स, एवढंच.

म्हणून स्वतंत्र कंट्रोलर पाहिजे. बाहेरदेशात ह्याच बॉक्ससाठी तयार मिळतात, ओपन सोर्सवाला 'अल्टिमेट नॅग ५२' नावाचा प्रकल्पही आहे. मी मागवला त्याला बॉक्सपेक्षा जास्त पैसे गेले. त्याला इंजिनाचे आरपीएम द्यायचे, शाफ्टवर किंवा एबीएसच्या दात्यावर फेरे मोजणारा एक सेन्सर बसवून गाडीचा वेग द्यायचा, आणि डिझेल पंपाच्या लिव्हरवर थ्रॉटल पोझिशन सेन्सर. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. डिझेलला हवेचा थ्रॉटल नसतोय, इंजिनावरचा भार कळायचा तर लिव्हरवरनंच. मी ॲल्युमिनियमची पट्टी फिरवून ब्रॅकेट केला. सेन्सरचा दांडा आणि लिव्हरचा खिळा एका रेषेत नसतील तर अर्ध्या पॅडलला कंट्रोलरला पाव पॅडल दिसतंय, प्रेशर कमी पडतंय, आणि आतले क्लच घसरून जळतात. बाहेरनं काही आवाज नाही. तेल काळं होऊन वास मारायला लागतंय, तेव्हा कळतंय.

पहिल्यांदा गाडी चोर्ला घाटाला नेली. जांबोटीपर्यंत लोण्यासारखी. कणकुंबीच्या चढाला मात्र तिसरा-चौथा, तिसरा-चौथा, नुसता खेळ. तुमचं इंजिन टर्बोविना ११३ हॉर्सपॉवरचं, टॉर्क साधारण १७० न्यूटन मीटर, त्याला चढावर चौथा झेपत नाही आणि तिसऱ्यात पॅडल सुटलं की कंट्रोलरला वाटतंय वर टाकावं. लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी पोरगं बसवलं, वर टाकायचा वेग पुढं सरकवला, मग शांत झालं. तवंदीला तुम्हाला हे करायला लागणारच. उतरताना गिअरची लिव्हर ओढून तीनवर घ्यायची सवय बाबांना आधीच लावा, ब्रेकवर बसून उतरायचं नाही.

पहिल्यापासून पाचव्यापर्यंत गिअरचे रेशो बघायचे तर ३.९३, २.४१, १.४९, १.०० आणि ०.८३. हे लहान बॉक्सचे, ३३० न्यूटन मीटर टॉर्क सोसणाऱ्याचे. ५८० वाला पण मिळतो, पहिला ३.५९ चा. तुमच्या इंजिनाला लहानच घ्या, पहिला गिअर ओढायला बरा. मागचा डिफरेन्शियल मी हलवला नाही.

गडहिंग्लजचा जुना डिझेल

लेथवाल्यांचं काम बघितलंय, हात जोडतो. पण वखारवाले, तुम्ही निपाणीत राहता. कंट्रोलर रुसला तर कोण येणार? मी म्हणेन ७२२.४ घ्या. चार-स्पीड, सगळं तेलाच्या प्रेशरवर, कॉम्प्युटर नाही. १२४ च्या डिझेलला कंपनीनंच देत होते तो. पंपाच्या लिंकेजवरनं एक केबल येते आणि व्हॅक्यूमची एक बारीक नळी मॉड्युलेटरला (बॉक्सवरच्या, प्रेशर ठरवणाऱ्या डबीला) जाते, संपलं. डिझेलला स्वतःचा व्हॅक्यूम नसतोय म्हणून पंपावर एक व्हॉल्व्ह असतो, तो पॅडलप्रमाणे व्हॅक्यूम कमी-जास्त करतोय. तो व्हॉल्व्ह बॉक्ससकट मागून घ्या, नाहीतर गिअर पडताना लाथ बसेल. पाचवा नाही, हायवेला इंजिन ओरडणार, मायलेज जाणार. पण रस्त्यात उभं करणार नाही.

उद्यमबागचा लेथवाला

गडहिंग्लजकर, तुमच्या म्हणण्याला वजन आहे. आपल्याकडं तो चार-स्पीड धड स्थितीत मिळाला असता तर मी पण तोच टाकला असता. मला जे दाखवले ते सगळे पाणी शिरलेले. २१० चे बॉक्स त्यामानानं बरे मिळतात. शिवाय निपाणी-बेळगाव सगळा हायवेच, तिथं ०.८३ चा पाचवा आणि लॉकअप पडल्यावर, म्हणजे कन्व्हर्टर आतनं थेट जोडला गेल्यावर, गाडी जी शांत होते ती चारमध्ये होत नाही. माझं मत पाच-स्पीडच, पण कंट्रोलर हातात पडल्याशिवाय जुना गिअर उतरवू नका.

राहिलेलं सांगतो. बॉक्सवर १३ पिनांचा गोल प्लग असतो, त्याचं रबर जुनं झालं की तेल वायरीतनं केशिकेसारखं चढत कंट्रोलरपर्यंत जातंय. प्लगची बाही आणि आतली कंडक्टर प्लेट नवीनच टाका, सेन्सर त्या प्लेटवरच आहेत. तेल ऑइल पॅनमधनं काढून बघा. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटर फुटून कूलंट आत गेलंय, तो बॉक्स फुकट दिला तरी घेऊ नका. आणि तुमचा रेडिएटर हाताच्या गिअरचा, त्यात तेल गार करायची सोय नसणार. सुटा कूलर पुढं लावा. मला तोच जास्त पटतोय, पाणी-तेल एकत्र यायची भानगडच नाही.

तेलाची पातळी बघायला ह्याला कायमची डिपस्टिक नसते, नुसती नळी आणि टोपण. गेजपट्टी वेगळी मागवा. तिच्यावर २५ आणि ८० डिग्रीच्या खुणा असतात. गाडी चालू, लिव्हर पी मध्ये, तेल ८० ला आल्यावर बघायचं. आणखी एक गंमत: तेलाच्या तापमानाचा सेन्सर आणि पी-एन (पार्क-न्यूट्रल) चा कॉन्टॅक्ट एकाच तारेवर आहेत, पी किंवा एन मध्ये तापमान दिसतच नाही. स्क्रीनवर आकडा नाही म्हणून वायरिंगवाल्याला शिव्या देऊ नका, लिव्हर डी मध्ये टाकून ब्रेक दाबून बघा. तुमचा स्पीडोमीटर केबलवर असेल तर त्याचीही सोय करा, ७२२.६ ला केबलची जागा नाही.

आरटीओचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२, आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ह्यावर कडक निकाल दिलाय, त्यामुळं "कोण बघतंय" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पण शारीरिक अडचण असलेल्या माणसासाठी गाडीत बदल करायला त्याच कलमात वाट ठेवलीय. गुडघ्याच्या डॉक्टरांचं पत्र घ्या आणि काम सुरू करायच्या आधी चिकोडी आरटीओला जाऊन भेटा. तुमची आरसी तशीही दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाणार, तेव्हा इन्स्पेक्टर खाली वाकून बघणारच. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

वखारवाला, निपाणी

लेथवाले, लई उपकार. भंगारवाल्याला फोन केला. बॉक्स डिझेलचाच म्हणतोय, फोटो पाठवतोय. शिफ्टर, पॅडल असलं काय काय मागून घेऊ? आणि बाबांची एक अट आली. ऑटोमॅटिक करा म्हणाले, पण क्लचचं पॅडल काढायचं नाही, जागच्या जागी राहू दे.

उद्यमबागचा लेथवाला

शिफ्टर त्याच्या दांड्यासकट, बॉक्सकडच्या प्लगला हातभर वायर ठेवून, आणि रुंद ब्रेक पॅडल.

बाबांना सांगा, पॅडल राहिलं तर डावा पाय सवयीनं तिकडंच जाणार, आणि सुजणार पण तोच. तरीही ठेवायचंच असेल तर खालचा मास्टर सिलिंडर काढाच. १२४ मध्ये क्लचला तेल ब्रेकच्याच टाकीतनं येतंय. टाकीचं ते तोंड नीट टोपण घालून बंद करा, नुसती नळी दुमडून तार बांधू नका. तिथनं गळलं तर ब्रेकचं तेल जाणार.