मदत हवी आहे: बायरन ली आणि ड्रॅगनेअर्सच्या रेकॉर्डबद्दल

नमस्कार मंडळी. वडिलांच्या ट्रंकेत बायरन ली अँड द ड्रॅगनेअर्स या बँडची एक एलपी सापडली. कव्हर ओलीने फुगलंय, साल पार पुसलंय, तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत. तरी सुई टेकवली आणि खरखरीतून ट्रम्पेट असे उसळले की बाबा उठून बसले!

कॅलिप्सो ही कॅरिबियन गाण्याची शैली म्हटली की आपल्याला गायक लॉर्ड रिलेटरचं 1971चं गावसकरवरचं गाणं आठवतं. कॅलिप्सो मूळचं त्रिनिदादचं, हा बँड मात्र जमैकाचा. 1962च्या पहिल्या बाँडपटात ते वाजवताना दिसतात, 1964च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात त्यांनी स्का (जमैकाचं नाचाचं संगीत) वाजवला, मग 70च्या दशकात कॅलिप्सो आणि त्यातूनच निघालेल्या सोकाकडे वळले. 1990मध्ये बायरन लींनी जमैका कार्निव्हल सुरू केला. 2008मध्ये ते गेले. दुसऱ्या बेटाचं संगीत आपल्या लोकांच्या अंगात भिनवायचं, हे मला फार मोठं काम वाटतं.

आता विचारायचं ते असं: लेबलवरच्या नंबरावरून साल कसं काढायचं? बुरशी घरच्या घरी, खाचांना धक्का न लावता कशी काढू? आणि त्यांच्या सोका काळातली कोणती रेकॉर्ड आधी ऐकावी? बाबा रोज विचारतात, लवकर सांगा.