जोडीचा एक बैल गेला, दुसरा चारा तोंडात घेऊन टाकून देतोय

बोरीकाठचा
नमस्कार मंडळी, अमळनेर तालुक्यातलं गाव आमचं. निमाडी बैलांची जोडी होती, बाशिंग्या आणि तांबड्या, आबांनी दोघं सहा दाती असताना आणलेले म्हणजे दहा वर्षं तरी एका जुवाखाली. आषाढात बाशिंग्याला रात्री गोठ्यातच पान लागलं, म्हणजे साप चावला, सकाळपर्यंत सगळं संपलेलं. तेव्हापासून तांबड्याचं काही खरं नाही. दावणीला उभा राहतो तो पण एका अंगाला सरकून, बाशिंग्याची जागा मोकळी ठेवून, आणि कडबा तोंडात घेतो, चावतो चावतो आणि अर्धवट चावलेला गोळाच खाली टाकून देतो. ढेप (पेंड) भिजवून दिली तर खातो थोडी. बरगड्या मोजता येतात आता. आबा पण त्याच्याजवळ जाऊन बसतात, दोघं गप्प, आई म्हणते कोण कोणाला धीर देतंय तेच कळत नाही.
शेजारचे काका म्हणतात मनाला लावून घेतलंय, बाटलीने पावशेर गोडेतेल पाज. कोणी म्हणतं दृष्ट काढ. पोळा आलाय तोंडावर. ढोरं खरंच असं मनाला लावून घेतात का? आणि आबांना इंजेक्शन-बिंजेक्शन नको, झाडपाल्याचं काही असेल तर सांगा.

कुट्टीमशीन
राग मानू नको भाऊ, पण एका बैलावर शेती होत नाही. दुसरा आणायचा तर किमती माहीत आहेत ना. आम्ही दोन वर्षांपूर्वी जोडी विकून ट्रॅक्टर भाड्याने घेतो, डोक्याला ताप नाही.

तापीकाठचे_अण्णा
कुट्टीमशीन, पोऱ्यानं काय इचारलं आनि तू काय सांगतोस रे? जोडी फुटनी का बैलनं मन उडी जास, ढोरले बी जीव शे भो. आमच्याकडे म्हातारी गाय गेली तेव्हा तिची कालवड आठ दिवस त्या खुंट्याभोवती हुंगत फिरायची, खुंटा उपटून दुसरीकडे ठोकला तरी जुन्या खड्ड्यापाशीच जाऊन उभी. शेवटी बाजूला एक वासरू बांधलं तेव्हा चाऱ्याला लागली. तू पण कोणीतरी सोबत दे त्याला, एकटा ठेवू नको.

गोठ्यातली_डॉक्टरीण
अण्णा म्हणतात ते खोटं नाही, गाय-बैल कळपात राहणारं जनावर, नेहमीची सोबत सुटली की हंबरतात, अस्वस्थ होतात, खाणं कमी होतं. पण मला इथे दुसरंच खटकतंय. नुसतं मन दुखलेलं जनावर चाऱ्याला तोंडच लावत नाही. तुमचा तोंडात घेतोय, चावतोय आणि मग टाकतोय, म्हणजे भूक आहे पण चावताना दुखतंय, ढेप मऊ म्हणून जाते. सहा दाती आणला आणि त्याला दहा वर्षं झाली म्हणजे वय 13-14 धरा. या वयात दाढा वेड्यावाकड्या झिजतात, कडा सुरीसारख्या होतात, गाल नाहीतर जीभ कापत राहते. डॉक्टर कानशीने घासून देतात.
पण तुम्ही स्वतः तोंडात हात घालू नका, हे नीट ऐका. लाळ गळत असेल, पाणीही गिळता येत नसेल तर आधी पिसाळीचा संशय धरायचा असतो, काटा अडकला असेल म्हणून उघड्या हाताने चाचपणारे लोक मी पाहिलेत आणि मग घरभर सगळ्यांना लस घ्यायला पळावं लागतं.
तोवर घरी एवढं बघा. ताप 101 ते 102.5 फॅरनहाइटच्या आत आहे का. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरा, दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोट आतून मूठ वर ढकलतं का. आणि रवंथ करतो का, बैल दिवसातून सहा-आठ तास रवंथ करतो, ती बंद असेल तर मामला वेगळा, मग कुट्टीतून तार पोटात गेली असेल हेही बघावं लागतं. 1962 ला फोन करा, फिरता दवाखाना गावात येतो.
तेल अजिबात पाजू नका!! मान वर करून बाटलीने ओतलं की ठसका लागतो आणि तेल फुफ्फुसात जातं, धडधाकट जनावर त्याने जातं.
झाडपाल्याला माझा विरोध नाही हो. दगडी झालेल्या, म्हणजे सुजून कडक झालेल्या, गाईच्या कासेला कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम वाटून लावायचा लेप आता राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सांगतं, मी स्वतः वापरायला लावते. पण धारदार दाढ कुठल्या पाल्याने बोथट होत नाही.

शिरपूरची_लेक
डॉक्टर मॅडमला अनुमोदन. आणि पोळ्याला पुरणपोळ्यांची चळत खायला घालू नका त्याला, आमच्या गल्लीत दरवर्षी एक तरी बैल दुसऱ्या दिवशी पोट फुगून आडवा. नैवेद्याची एक पोळी दिली बस झालं.

बोरीकाठचा
चार दिवसांनी लिहितोय, माफ करा. फोन केला, गाडी आली, डॉक्टरांनी आधी लाळ-बिळ, पाणी पितो का ते बघितलं, मग हातमोजे घालून तोंड उघडलं. दाढच होती, उजवीकडची, गालाला आतून जखम. कानशीने घासली तेव्हा आबा गोठ्याबाहेर तोंड फिरवून उभे. दोन इंजेक्शनं पण झाली, आबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून कुट्टी खातोय, गोळे टाकणं बंद.
पण जागा सोडून उभं राहणं तसंच आहे. अण्णांचं ऐकून चुलत्याचा गोऱ्हा आणून बांधला तर तांबड्याने त्याला शिंगावरच घेतलं, दावं तोडायची वेळ आली. मग आईने सहज तिची शेळी बांधली तिथे, तिला काही करत नाही, रात्री ती त्याच्या पोटाला टेकून झोपते. आता आबा म्हणतात पोळ्याच्या मिरवणुकीत जोडी म्हणून शेळीलाच नेऊ. लोक हसतील का हो?

तापीकाठचे_अण्णा
हसू दे. झूल मात्र तिच्या मापाची शिवून घे.