यामाहा आरएक्स १०० बाईकची जुनी पेट्रोलची टाकी घरीच साफ करून रंगवायचीये, सुरुवात कुठून करू?

मिरज_आरएक्स
नमस्कार मंडळी. बाबांची आरएक्स १०० आहे, ९२ ची, चेरी लाल. बरीच वर्षं परड्यात शेडखाली उभी होती, आता इंजिन करून घेतलंय, किक मारली की चालू होते पण टाकीचं काम राहिलंय. झाकण उघडून मोबाईलचा टॉर्च मारला तर आत सगळं तांबूस, तळाला गंजाचे पापुद्रे सुटलेत आणि हलवलं की खुळखुळतात. बाहेरून गुडघा लागतो तिथे एक पोचा आहे आणि खालच्या जोडाजवळ रंगाला फुगे आलेत. गॅरेजवाला म्हणतो नवीन टाका, पण त्याने दाखवलेल्या टाकीचा पत्रा पातळ वाटला आणि मुळात मला बाबांच्या गाडीवर तीच टाकी हवीय. रंगाची गन चालवायला कंप्रेसर नाहीये. दिवाळीपर्यंत झाली तर फार बरं होईल. आधी रंग काढू का आधी आतलं बघू? संडासचं ऍसिड ओततात म्हणे, ते चालेल का?

पत्रा_आणि_झाळ
आधी आतलं, रंगाचा विचारसुद्धा आत्ता नको. जोडाजवळ फुगे म्हणजे गंज बहुतेक आतून बाहेर आलाय. या टाकीला मधे फ्रेमसाठी पोकळी असते ना, त्यामुळे पाणी दोन्ही बाजूंच्या खालच्या कडेला जाऊन बसतं आणि तिथलाच पत्रा पहिला जातो.

संडासचं ऍसिड नको. गंज पटकन जातो पण मागोमाग चांगला पत्रापण खातं आणि धुतल्यावर डोळ्यादेखत परत तांबूस होतं. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, कढत पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा आणि रात्रभर ठेवा. त्याच्या आधी कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) आणि झाकण काढायचंच, कॉकची बॉडी लोखंडाची नसते, ऍसिडने तिची वाट लागते. कॉकच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वर पत्र्याची पट्टी, आणि बोल्ट आवळा. मोठे पापुद्रे असतील तर लिंबूसत्वाच्या आधी मूठभर नट नि थोडा साबण-पाणी घालून, टाकी गोधडीत गुंडाळून भरपूर हलवा. नट मोजून टाका नि मोजून काढा, एखादा आत राहिला तर कॉकच्या जाळीपाशी जाऊन बसतो.

लिंबूसत्वाचं पाणी ओतून दिलं की खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साधं पाणी, आणि लगेच हेअर ड्रायर किंवा ब्लोअर लावा. चहा पिऊन येतो म्हणालात तर परत गंज धरलेला असेल. कोरडी झाली की थोडं टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) घालून सगळीकडे फिरवा.

आता महत्त्वाचं. गंजाने भोकं बुजलेली असतात, ती साफ केल्यावर उघडी पडतात. म्हणून साफसफाईनंतर जोडावरचा रंग खरवडा, तिथे पांढरा खडू चांगला घासा आणि आत थोडं रॉकेल घालून टाकी त्या बाजूला कलती ठेवा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी खडूवर काळपट ठिपका उमटतो.

सातारा_टूस्ट्रोक
वरचं सगळं बरोबर, पण भोक सापडलं तर घरी वेल्डिंग करायचं नाही म्हणजे नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतं. टाकी धुतली, वास येत नाही, तरी जोडाच्या फटीत पेट्रोल राहतं आणि तापलं की बाहेर येतं. रेडिएटर झाळणाऱ्या जुन्या कारागिराकडे न्या, तो पाणी भरून फक्त कामापुरती जागा वर ठेवतो आणि पितळेची झाळ मारतो. एपॉक्सीच्या गोळ्यावर जोडाचं काम सोडू नका, ते तात्पुरतंच.

आणि भोक नसेल तर आतून लायनर (टाकीला आतून थर देणारं रसायन) ओतू नका असं माझं ठाम मत आहे. तेलकट गंज राहिलेल्या पत्र्यावर ते धरत नाही, मग पापुद्रे सुटून कार्बोरेटरचा जेट चोक होतो. ओतायचंच असेल तर इथेनॉलला टिकणारं आहे का ते डब्यावर वाचून घ्या, आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं.

मिरज_आरएक्स
खूप आभार दोघांचे. लिंबूसत्व केलं, आत पत्रा राखाडी दिसतोय आता! खडूवर एक ठिपका आला, डाव्या जोडाला, तो झाळून घेतला. आता पोचा नि रंग. स्प्रेचे डबे वापरले तर टिकेल का?

रंगारी_चिपळूण
डब्याने बेस कोट (मूळ रंगाचा थर) उत्तम होतो, अडचण क्लिअरची, म्हणजे वरच्या पारदर्शक चकाकीच्या थराची आहे. साध्या डब्यातलं क्लिअर पेट्रोल सांडलं की मऊ पडतं, झाकणाभोवतीच आधी खराब होतं. तिथे टू-के क्लिअरच पाहिजे, म्हणजे हार्डनरवालं. पण त्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, फुफ्फुसाला वाईट, कापडी मास्कने काहीच होत नाही. म्हणून माझा सल्ला, बेसपर्यंत घरी करा आणि शेवटचं क्लिअर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घ्या, फार पैसे लागत नाहीत.

पोचा आतून ठोकता येत नाही, हात जात नाही. उथळ असेल तर लांबी (पुट्टी) भरा, पण थर पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. लांबी कोरडीच घासा, ती पाणी पिते आणि नंतर फुगते. जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे खरवडू नका, फक्त कड घासून उतरती करा, डोळे मिटून नख फिरवलं तर पायरी लागायला नको. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, बोटांच्या घामानेसुद्धा गंज येतो. वर सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा थर), मग त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारा आणि ६०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासा. जिथे काळं उरतं तिथे खड्डा आहे असं समजा, उन्हात तो लगेच दिसतो. मग लाल बेसचे पातळ थर, पट्ट्यांचे स्टिकर, त्यावर क्लिअर. पाऊस असेल त्या दिवशी रंग मारू नका, दमट हवेत पांढरट पडतो, आमच्याकडे कोकणात तर ऑक्टोबरपर्यंत थांबावंच लागतं.

रंग लालच ठेवताय ते छान. आरसीवर रंग लिहिलेला असतो, बदलला की आरटीओच्या फेऱ्या.

सातारा_टूस्ट्रोक
कॉकचा वॉशर आणि झाकणाचं रबर दोन्ही नवीन टाका, जुनं रबर ई२० ने फुगतं. आणि क्लिअर मारल्यावर आठवडाभर तरी टाकी फ्रेमवर चढवू नका, खालच्या रबरांचे वळ उमटतात.