‘सेक्रेटरी बर्ड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आफ्रिकेतल्या गवताळ रानात साप मारणारा जो उंच टांगांचा शिकारी पक्षी आहे, त्याच्यावर मुलांसाठी लिहिते आहे. ‘सचिव पक्षी’ असं एके ठिकाणी वाचलं, पण ते मनाला पटेना. दुसरा शब्द आहे का?

उत्तर : पटत नाही ते योग्यच आहे. सचिव म्हणजे मुळात सल्लागार, अमात्य. अष्टप्रधानांतले सचिव म्हणजे सुरनीस, अण्णाजी दत्तो. आजही सचिव म्हटलं की खात्याचा मोठा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. या पक्ष्याच्या नावात मात्र लेखणी आहे. त्याच्या डोक्यामागे लांब काळी पिसं सुटी सुटी लोंबतात. जुने युरोपी कारकून पिसाच्या लेखण्या कानामागे खोचत, अगदी तसा तो दिसतो. (अरबीतल्या ‘शिकारी पक्षी’ अशा अर्थाच्या शब्दांचा हा अपभ्रंश, असंही एक मत आहे. मला ते ओढूनताणून आणलेलं वाटतं.)

आपल्याकडे पिसाऐवजी बोरू, पण कानावर लेखणी ठेवलेला कारकून आपल्यालाही ओळखीचा. म्हणून मी ‘चिटणीस पक्षी’ म्हणेन. चिटणीसमधला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा; फडणीस, सबनीस त्याच घरातले. बाळाजी आवजी चिटणीस शिवाजी महाराजांची पत्रं लिहीत. शिवाय संस्थेच्या सेक्रेटरीला आपण आजही चिटणीसच म्हणतो, म्हणजे मूळ नावाचे दोन्ही अर्थ या एका शब्दात येतात.

प्रश्न : शास्त्रीय नावात तर ‘सर्पेंटेरियस’ आहे. मग सरळ ‘सापमार’ का नको?

उत्तर : ‘सापमार गरुड’ आपल्या माळरानावर आधीच आहे, ‘सर्पगरुड’ही आहे. घोटाळा होईल. आणि चिटणीस पक्ष्याचं रोजचं पोट भरतं ते बरंचसं नाकतोडे, टोळ आणि उंदरांवर. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द ‘सॅजिटेरियस’, म्हणजे धनुर्धर, आपली धनू रास! तोही मुलांना जरूर सांगा.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. पुष्कळ जण ‘साप तुडवतो’ लिहितात. तुडवण्यात अंगाचा भार टाकून पाय रोवणं आलं. हा तसं करत नाही. पंख पसरून सापाला बगल देतो आणि नेम धरून त्याच्या डोक्यावर वरून पाय मारतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिकवून तयार केलेल्या पक्ष्यापुढे रबरी साप ठेवून हे मोजलं होतं : पाय टेकतो जेमतेम 15 मिलिसेकंद, आणि जोर त्याच्या वजनाच्या पाचपट. ‘लाथ मारतो’ म्हटलं तर पाय पुढे किंवा मागे झाडल्यासारखा वाटतो. म्हणून ‘पाय हाणतो’ लिहा. ‘हाणणे’त वेगही आहे, नेमही आहे, आणि पाय लगेच वर उचलला जाणंही.